गंजाच्या पोटावरचा नंबर

मी जन्मभर वस्तूंना त्यांची नावं विचारत आले. हाच माझा धंदा. आमच्या गल्लीतल्या लोकांना वाटतं की मी कॉम्प्युटर दुरुस्त करते, त्यामुळे कोणाचा मिक्सर बंद पडला तरी हाक मलाच येते. अमरावतीत राजापेठेजवळ दोन खोल्यांचं ऑफिस थाटून मी दुकानदारांसाठी, डॉक्टरांसाठी, कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. "आमची वंदना टायपिंग करते," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. मी रागवायची. आता वाटतं, म्हातारी फार चुकत नव्हती. अखेर सगळं अक्षरांपाशीच तर येऊन थांबतं.

कसं ते सांगते. पडद्यावर किंवा कागदावर तुम्हाला दिसतात ती अक्षरं. आत मात्र प्रत्येक गोष्टीचा प्रकार निराळा असतो. संख्या एका तऱ्हेनं ठेवलेली, तारीख दुसऱ्या तऱ्हेनं, 'हो की नाही' याचा आणखी तिसराच प्रकार. काहीच नसलं तर त्या नसण्यालाही आत एक जागा असते. यांतल्या कोणालाही लोकांसमोर यायचं झालं की अंगात अक्षरांचा सदरा घालूनच यावं लागतं. तो सदरा बेतणं हे माझं काम. ऐकायला किरकोळ वाटतं. बिघडलं की कळतं.

परतवाड्याच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी आम्ही पेशंटला द्यायची चिठ्ठी केली होती. त्यात मधुमेह आहे की नाही याची एक ओळ होती. आत ती 'हो की नाही' प्रकारची. तिला कोणी सदराच घातला नाही, आणि चिठ्ठीवर छापून आलं, "शुगर: false". रिद्धपूरचे एक आजोबा ती चिठ्ठी घेऊन घरी गेले. नातवानं फॉल्स म्हणजे खोटं असा अर्थ सांगितला. मग काय विचारता! आजी गेली कित्येक वर्षं शुगरचा धाक घालून त्यांचा गुळाचा चहा बंद करून बसली होती. आजोबांनी चिठ्ठी फडकावत सांगितलं, "पाह्य, माही शुगर खोटी निंगाली! डॉक्टरनं लिहून देल्लं." आजींनी दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला आणि डॉक्टरांना जे काही ऐकवलं ते डॉक्टरांनी मला जसंच्या तसं फोनवर ऐकवलं. आजोबांना खरोखरच मधुमेह नव्हता, ही देवाची कृपा. मी त्या ओळीला 'आहे' आणि 'नाही' हे दोन शब्द शिकवले आणि ते प्रकरण मिटलं.

पण मला लिहायचं आहे ते अकोल्याच्या शकूरभाईंबद्दल. त्यांचं बिछायत केंद्र. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हा शब्द नवा असेल. आमच्या वऱ्हाडात लग्न, बारसं, तेरवी, भागवत सप्ताह, काहीही असो, त्यासाठी मांडव, कनाती, गाद्या, खुर्च्या, पंखे आणि स्वयंपाकाची भांडी भाड्यानं देणारं जे दुकान, ते बिछायत केंद्र. त्या भांड्यांतला राजा म्हणजे गंज. गंज म्हणजे पातेलं. घरात असतो तो लहान, आणि शकूरभाईंकडे असतात ते असे, की एकात अख्ख्या पंगतीचं वरण शिजावं.

शकूरभाई एका दुपारी माझ्या ऑफिसात आले आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणाले, "ताई, मले माह्या मान्साचं डोकं मशीनमंधी भरून पाह्यजे."

त्यांचा माणूस म्हणजे गोदामाचे मुकादम नामदेवभाऊ. दोघं तरुणपणापासून बरोबर. कुठली कनात कुठल्या ढिगात, कोणत्या गादीला उसवण आहे, कोणता गंज कोणत्या गावाहून अजून परत यायचा आहे, सगळं नामदेवभाऊंच्या डोक्यात. ते हजर असले की गाडी भरते, नसले की गोदाम आंधळं.

"उन्हाळ्यात याच्या पोरीचं, वैशालीचं लग्न हाय, हिवरखेडले," शकूरभाई सांगू लागले. "सारं सामान माह्याकडून, आहेर म्हणून. पन ह्या बुवाले मी वळखतो. पोरीचा बाप मांडवात फेटा बांधून उभा राह्याचं सोडून हा गाडीवर गंज चढवून राह्यला असंन. खुद के लग्नात काय केलं यानं, मालूम हाय? नवरदेव घोड्यावर बसाच्या वक्ताले सतरंज्या टाकून राह्यला होता!"

बरोबर आलेले नामदेवभाऊ दारातच उभे होते. ते लाजून म्हणाले, "मंग काय करू भाई? पोट्ट्यांनी वाकड्या टाकल्या होत्या."

"आयकलं ना ताई? मले एवढंच पाह्यजे. पोरीच्या लग्नाच्या दिवशी नामदेवनं एकबी भांडं उचलाचं नाई."

आजवर लोक माझ्याकडे कशाकशासाठी प्रोग्रॅम मागायला आले. कोणाला टॅक्सवाल्याची भीती, कोणाला भावाचा संशय. एका माणसाला त्याच्या लेकीच्या लग्नात निवांत उभं राहता यावं म्हणून प्रोग्रॅम मागणारं गिऱ्हाईक मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

काम दिसायला सोपं होतं. गिऱ्हाईकानं ऑर्डर दिली की कॉम्प्युटरनं सामानाची चिठ्ठी तयार करायची आणि ती गोदामाच्या फोनवर पाठवायची. गोदामातल्या पोरांनी चिठ्ठी वाचून गाडी भरायची. तीच चिठ्ठी गिऱ्हाईकालाही जायची, म्हणजे काय येणार ते त्याला कळावं.

आता यातली मेख सांगते. चिठ्ठीत खुर्ची असते, कनात असते, पंखा असतो. सगळ्यांना मिळून आम्ही नुसतं 'सामान' म्हणतो. चिठ्ठी लिहिणारा प्रोग्रॅम एकेका सामानाला विचारत जातो, "तू कोण?" आत नेमकं कोण आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असायची गरजही नाही. दार वाजवावं आणि घरात जो असेल त्यानं आपल्या आवाजात ओ द्यावी, तसं. कनात म्हणते, "मी कनात, लाल, इतकी फूट." गादी म्हणते, "मी गादी, खोळीसकट." ऐन वेळी जो आत असेल त्याचं उत्तर. मला हे आजही फार सुंदर वाटतं. आमच्या धंद्यातली पोरं हे पहिल्या वर्षी शिकतात आणि दुसऱ्या वर्षी विसरतात.

अट एकच. प्रत्येकाला आपलं उत्तर कोणीतरी शिकवलेलं असलं पाहिजे.

तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई सुरू झाली, तशी आम्ही गोदामात चाचणी सुरू केली. पहिल्याच दिवशी नामदेवभाऊंचा फोन. "ताई, खुर्च्या तीनशे पॉइंट झिरो आल्या. तीनशे समजलं. हे पॉइंट झिरोवाली खुर्ची कोनत्या ढिगात पाहू?" कनातीचं माप फुटांत, त्यात अर्धा फूट असू शकतो, म्हणून आम्ही सगळ्यांचीच संख्या दशांशात ठेवली होती. खुर्चीला पूर्णांकात बोलायला शिकवलं. नामदेवभाऊ खूश. मग त्यांनी दुसऱ्या ओळी तपासायला घेतल्या. "सतरंजीची लंबाई सांगते, पन जाड हाय का पातळ ते सांगत नाई. हिवाळ्यात लोकं जाडच मांगते." तेही शिकवलं. भाऊ सांगत गेले आणि मी शिकवत गेले. दोन आठवड्यांत आमचं सामान वऱ्हाडी लग्नातल्या पाहुण्यासारखं भडाभडा बोलायला लागलं.

मग शकूरभाईंनी एक दिवस सहज सांगितलं, "भांडीबी घाला ना ताई." आम्ही गंज घातला, परात घातली, झारा घातला. परातीला आणि झाऱ्याला उत्तर शिकवलं. गंज राहिला. कसा राहिला विचारू नका, घाईत जसं राहतं तसा राहिला.

आता न शिकवलेली वस्तू गप्प बसली असती तर बरं होतं. ती गप्प बसत नाही. "तू कोण?" म्हटलं की ती आपल्या प्रकाराचं नाव सांगते आणि पुढे कॉम्प्युटरनं आतल्या आत तिला चिकटवलेली एक खूण सांगते. माणसाला त्या खुणेचा काडीचा उपयोग नाही. शिवाय प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की खूण बदलू शकते. तर गोदामाच्या फोनवर चिठ्ठी गेली आणि तिच्यात लिहून आलं, Ganj@3e25a5.

दुसऱ्या कुठल्याही धंद्यात लोकांनी मला फोन करून शिव्या घातल्या असत्या. बिछायत केंद्रात तसं झालं नाही. कारण या धंद्याची एक रीत आहे. भांडं गावोगाव फिरतं, दुसऱ्याच्या भांड्यात मिसळतं, चोरीला जातं. म्हणून प्रत्येक भांड्यावर केंद्राचं नाव कोरलेलं असतं आणि पोटावर तेलरंगानं मोठा नंबर रंगवलेला असतो. भांड्याला नंबर असतोच, हे नामदेवभाऊंना ठाऊक होतं. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि विचार केला, मशीननं आपल्या गंजाला नवीन नंबर दिला. आता मशीनचं ऐकायचं ठरलंच आहे. त्यांनी डबा उघडला, ब्रश घेतला आणि एकेका गंजाच्या पोटावर, जुन्या नंबरशेजारी, लाल रंगानं, अगदी पाहून पाहून रंगवलं: Ganj@3e25a5.

दुसऱ्या दिवशी गंजाला दुसरा नंबर आला. भाऊंनी तो खाली रंगवला. तिसऱ्या दिवशी तिसरा.

त्या आठवड्यात मी मूर्तिजापूरवरून एसटीनं अकोल्याला गेले, तेव्हा गोदामात गंज उन्हात उलटे टाकून वाळत घातले होते. प्रत्येकाच्या पोटावर लाल अक्षरांच्या तीन-तीन ओळी. मी एका गंजापाशी उकिडवी बसले. वाचलं. आणि मला इतकं हसू आलं की माझी पर्स हातातून सुटली. माझ्या उभ्या नोकरीधंद्यात ही खूण कोणी वाचली नव्हती. जो तो ती पाहून वैतागतो आणि पुसून टाकतो. इथे एका माणसानं ती तेलरंगात उतरवली होती, @ सकट.

नामदेवभाऊ आपले गंभीर. "ताई, हसू नोका. तुमचं मशीन रोज नाव बदलून राह्यलं. आसं केलं तर रंगाचा डबा पुरंन का?"

मी डोळे पुसत त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हंजे त्याले बोलता येत नाई म्हून तो काईबी बरळून राह्यला."

"हो भाऊ. त्याला काय बोलायला शिकवू?"

इथे शकूरभाई आणि नामदेवभाऊ यांची जुंपली. शकूरभाई म्हणाले, किती लिटरचा ते लिहा. भाऊ म्हणाले, लिटर कोण पाहतो, आचारी विचारतो किती लोकांचं वरण होईल. शकूरभाई म्हणाले, कढी केली तर? भाऊ म्हणाले, कढीचा अंदाज वरणावरून निघतो. चहा दोनदा झाला. शेवटी गंज काय म्हणणार ते ठरलं: "गंज, मोठा, शंभर लोकांच्या वरणाचा, झाकणासहित." दोघांनी ती ओळ फोनवर वाचली आणि स्वतःच लिहिल्यासारखे समाधानानं एकमेकांकडे पाहू लागले. मलाही फार बरं वाटलं.

हिवाळाभर चिठ्ठ्या सुरळीत गेल्या. वैशाखात लग्नाच्या दोन दिवस आधी शकूरभाईंनी नामदेवभाऊंना बळेच हिवरखेडला पाठवून दिलं. त्यांच्याकडून गोदामाची किल्लीही काढून घेतली, म्हणजे वळून यायला कारण उरू नये. मला म्हणाले, "ताई, तुमी इथं बसा. पह्यलीच गाडी नामदेवशिवाय भरून राह्यली. धकधक होते."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी गोदामात गाद्यांच्या ढिगावर लॅपटॉप घेऊन बसले. चिठ्ठी निघाली. पोरं एकेक ओळ वाचत होती आणि गाडी भरत होती. कनाती चढल्या. गंज चढले, पोटावरच्या लाल ओळींसकट. चिठ्ठी नामदेवभाऊंनाही गेली, कारण या खेपेला गिऱ्हाईक तेच होते.

थोड्याच वेळात शकूरभाईंचा फोन वाजला. पलीकडून भाऊंचा आवाज इतका मोठा की मलाही ऐकू आला. "भाई, पंखे आन् पंखेच दिसून राह्यले! कूलर कुठं हाय? ह्या उनात वऱ्हाडी मंडळी शिजून निंगंन ना! मी निंगतो, तासा-दोन तासात येतो, गाडी मी भरतो!"

"खबरदार! तू मांडव सोडून निंगला तर मी लग्नाले येनार नाई!" शकूरभाई ओरडले. पण तोंड उतरलेलं. फोन झाकून मला म्हणाले, "ताई, तो येईन. तो आयकनार नाई. निंगालाच समजा."

मी चिठ्ठी पाहिली. खरंच, पंख्याची एक ओळ आणि तिच्याखाली पुन्हा पंख्याचीच ओळ. दुसऱ्या ओळीत असायला हवे होते कूलर. क्षणात लक्षात आलं. कूलर आम्ही पंख्याच्या घराण्यात घातला होता. दोघांनाही वीज लागते, दोघंही वारा देतात, मग पंख्याच्या बऱ्याच गोष्टी कूलरला फुकट मिळतात. आमच्यात याला वारसा म्हणतात. पण वारशात बापाचं उत्तरही येतं. कूलरला स्वतःचं उत्तर शिकवलं नाही, तर "तू कोण?" म्हटल्यावर तो बापाच्या आवाजात सांगतो, "मी पंखा." गंजासारखा बरळला असता तर लगेच सापडला असता. हा शहाण्यासारखा बोलत होता, म्हणून कोणाच्या नजरेत आला नाही. आणि आमची सगळी चाचणी झाली थंडीत. मार्गशीर्षात कूलर मागणारा माणूस अकोल्यात जन्माला यायचा आहे.

पोरं तोवर पंखे चढवून मोकळी झाली होती आणि गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी शकूरभाईंना म्हटलं, "गाडी थांबवा. आणि भाऊंना सांगा, पाच मिनिटं जागचे हलू नका." माझ्या कामात कोणाचं काही अडलं की लोक ओरडतात, मी सवयीनं ऐकून घेते. पण या वेळी एक बाप आपल्या लेकीच्या मांडवातून निघायच्या बेतात होता, आणि त्याला थांबवणाऱ्या फक्त चार ओळी होत्या. त्या मी लिहिल्या. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. चिठ्ठी नव्यानं गेली, गोदामातल्या पोरांनाही आणि भाऊंनाही. तिच्यात आता लिहिलं होतं: "कूलर, मोठा, वाळ्याच्या ताट्यांसहित, पाण्याचा पाईप वेगळा." पोरं जादाचे पंखे उतरवून कूलर चढवायला लागली.

आम्ही दोघं फोनकडे पाहत बसलो. शकूरभाईंचे ओठ हलत होते, बहुधा दुआ मागत असावेत. मीही आमच्या अंबादेवीला हात जोडले. फोन वाजला.

"आता चिठ्ठीत कूलर आले," नामदेवभाऊ म्हणाले. मग पूर्ण ओळ वाचून म्हणाले, "ताटीबी आली, पाईपबी आला. मंग माहं तिथं काय काम हाय? मी नाई येत भाई. वैशालीले हयद लावून राह्यले, मी पाह्यतो."

शकूरभाईंनी फोन खाली ठेवला आणि रुमालानं बराच वेळ तोंड पुसलं. घाम होता, असं ते अजून म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी हिवरखेडला लग्नाला गेले. ऊन असं की डांबर चिकटत होतं, पण मांडवात वाळ्याचा वास आणि गार वारा. नामदेवभाऊ गुलाबी फेटा बांधून दारात उभे होते, व्याह्यांना मिठ्या मारत होते. अधूनमधून त्यांचे हात आपोआप एखाद्या सतरंजीच्या कोपऱ्याकडे जात, आणि मागून शकूरभाई खाकरत. हात परत येत. अक्षता पडल्या तेव्हा भाऊ रडले. मीही रडले, आणि बाजूच्या बाईनं विचारलं, "तुमी मुलीकडच्या का मुलाकडच्या?" काय सांगणार? मी म्हटलं, चिठ्ठीकडची.

पंगती उठल्यावर स्वयंपाकाच्या बाजूला गेले. रिकामे गंज रांगेनं पालथे पडले होते. धुरानं काळवंडले होते, तरी पोटावरचे लाल नंबर वाचता येत होते. हल्ली लग्नं लॉनवर होतात, केटररवाले आपली भांडी घेऊन येतात, शकूरभाईंनी बरेचसे गंज विकून टाकले आहेत. पुढेमागे कोणी जाणकार ते विकत घेईल आणि हा कुठल्या लिपीतला लेख म्हणून डोकं खाजवत बसेल. त्याला सांगायला मी नसेन, याचं थोडं वाईट वाटतं.

त्या दिवशी निघताना नामदेवभाऊंनी मला थांबवलं. आत गेले आणि दोन्ही हातांत एक पितळी गंज घेऊन आले. घरगुती, दोन माणसांच्या वरणाचा. आमच्याकडे लेकीच्या आंदणाच्या भांड्यांवर नाव कोरून देतात, त्या कोरणाऱ्याकडूनच त्यांनी तो कोरून घेतला होता. काठावर होतं, "सौ. वंदनाताई यांस नामदेवकडून सप्रेम." आणि खाली, सुबक अक्षरांत, Ganj@3e25a5.

"ह्याचा नंबर आता बदलत नाई पाहा," भाऊ म्हणाले.

जन्मभर वस्तूंना बोलायला शिकवलेली बाई मी, आणि ऐन वेळी शब्द सापडेना. मागे शकूरभाई आलेच होते. भाऊंच्या हातातला गंज पाहून ते गरजले, "नामदेव! आज भांडं उचलाचं नाई म्हून सांगतलं होतं ना?"

नामदेवभाऊंनी गंज माझ्या हातात ठेवला आणि रिकामे हात त्यांना दाखवत म्हणाले, "सकायपासून हे एकच उचललं, भाई. तेबी भाड्याचं नाई, आहेराचं."